प्राणवायूचा हिशेब

गेल्या वर्षी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात चहाच्या सुट्टीत मी सहज विचारले, "लहानपणी वाचलेली कोणती चित्रकथा तुम्हाला आजही आठवते?" उत्तरे भराभर आली. वेताळाची कवटीची गुहा, मँड्रेकचा लोथार, अमर चित्रकथेतला शिवाजी, चांदोबातला खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा विक्रम. यांत आश्चर्य काहीच नव्हते. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या मराठी वाचकांपैकी पुष्कळांनी तिचे जुने, कोपरे दुमडलेले अंक कोणा ना कोणाच्या घरी पाहिलेले असतात. पण विज्ञान शिकवणाऱ्या इतक्या माणसांत विज्ञानाची चित्रकथा कोणालाच आठवू नये, हे जरा विचार करण्यासारखे होते. शेवटी मागच्या बाजूला बसलेले एक शिक्षक म्हणाले, "नाव आठवत नाही, पण ती चंद्रावरची. हवा संपत येते आणि एक माणूस आपण होऊन यानाबाहेर निघून जातो."

ती मलाही आठवत होती. किंबहुना तीस-पस्तीस वर्षे ती माझ्या मनातून गेलेली नाही.

ही कथा बेल्जियमच्या एर्जे यांची. त्यांचे खरे नाव जॉर्ज रेमी (१९०७-१९८३). नावाची आद्याक्षरे उलटी करून फ्रेंच उच्चाराने वाचली की 'एर्जे' होते. टिनटिन हा तरुण वार्ताहर आणि त्याचा पांढरा कुत्रा स्नोई यांची पहिली कथा १९२९ साली आली. चंद्राची कथा 'टिनटिन' साप्ताहिकात १९५० च्या मार्चमध्ये सुरू झाली, एर्जेंच्या आजारपणामुळे मध्ये सुमारे दीड वर्ष थांबली आणि १९५३ अखेर पूर्ण झाली. तिची दोन पुस्तके १९५३ आणि १९५४ साली निघाली. आपल्याकडे ती 'डेस्टिनेशन मून' आणि 'एक्सप्लोरर्स ऑन द मून' या इंग्रजी नावांनी पोचली. या तारखा ध्यानात ठेवाव्यात. पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक १९५७ च्या ऑक्टोबरात सुटला. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले ते १९६९ च्या जुलैत. चित्रकार कागदावर यान उतरवत होता तेव्हा पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू एकही नव्हती.

मी या दोन पुस्तकांपैकी दुसरे आधी वाचले, आणि तेही अपघातानेच. १९९१ च्या उन्हाळ्यात सांगलीहून आत्याकडे दादरला गेले होते. आतेभावाच्या कपाटात एवढे एकच टिनटिन होते आणि त्याची शेवटची दोन पाने सुटी झालेली होती. माझे इंग्रजी बेताचेच. अर्धे शब्द कळत नव्हते, पण चित्रांवरून कथा कळत होती. पहिला भाग हाती लागला तो थेट एम.एस्सी.ला असताना. त्यामुळे ही कथा मी उलटी वाचली आहे: आधी परिणाम, मग कारण. पुढे जे लिहिते आहे त्यावर या उलट्या वाचनाची छाया असणार, हे आधीच सांगून ठेवते.

कथा थोडक्यात अशी. सिल्डाव्हिया या काल्पनिक देशात स्प्रॉज येथे अणुसंशोधन केंद्र आहे. तिथे प्रोफेसर कॅल्क्युलस चंद्रयान बांधत आहेत. टिनटिन, तोंडाळ पण मायाळू कॅप्टन हॅडॉक, प्रोफेसर आणि त्यांचा सहायक अभियंता वुल्फ असे चौघे निघणार. थॉमसन आणि थॉम्प्सन हे दोन भोंगळ गुप्तहेर उड्डाणाआधी यानाची तपासणी करायला आत जातात. उड्डाण १ वाजून ३४ मिनिटांनी आहे हे त्यांना ठाऊक असते. ते रात्रीचे १:३४ आहेत हे मात्र ठाऊक नसते! दुपारचे समजून ते निवांत आतच राहतात. चोवीस तासांचे घड्याळ का वापरावे, हे वर्गात समजावून सांगायला याहून बरे उदाहरण मला माहीत नाही. चारांचे सहा होतात. पुढे कळते की सामानाच्या पेटीतून जॉर्गन नावाचा एक हेर यानात आणला गेला आहे, आणि त्याला आणणारा वुल्फ आहे. सहाचे सात होतात. प्राणवायू मात्र चौघांपुरताच घेतलेला असतो.

आता विज्ञानाकडे वळू, कारण या मासिकाच्या वाचकाला आधी तेच तपासावेसे वाटेल.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वजनरहित अवस्था. आजही कित्येक सुशिक्षित माणसे सांगतात की अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात. ज्यूल व्हर्न यांच्यासारख्या अभ्यासू लेखकाचाही इथेच घोटाळा झाला. चंद्रप्रवासावरच्या त्यांच्या दोन कादंबऱ्या १८६५ आणि १८७० च्या. तोफेतून सुटलेल्या गोळ्यातले त्यांचे प्रवासी वाटभर जमिनीवर उभे राहावेत तसे उभे असतात. पृथ्वीची आणि चंद्राची ओढ जिथे सारखी होते त्या एकाच जागी ते तरंगतात. गंमत अशी की याच प्रवासात त्यांचा एक कुत्रा मरतो, त्याचे शव बाहेर टाकले जाते आणि ते गोळ्याच्या बरोबरीने चालत राहते. हे व्हर्न यांनी अगदी बरोबर लिहिले. बाहेरचा कुत्रा गोळ्याच्या सोबतीने 'पडतो' आहे, तर आतली माणसेही तशीच पडत असणार आणि त्यांचे पाय जमिनीला टेकणार नाहीत, हा पुढचा विचार मात्र त्यांनी केला नाही. उत्तर खिडकीबाहेर तरंगत होते!

एर्जेंच्या यानात असे होत नाही. अणुइंजिन चालू असते तोवर यानाला त्वरण असते, जमीन पायांना रेटत असते आणि माणसांना वजन असते. त्या दोघा हेरांच्या हातून इंजिन बंद पडते त्या क्षणी सगळे हवेत उचलले जातात. हॅडॉकची व्हिस्की पेल्यातून निघून गोळा बनते आणि तो तिच्यामागे तोंड वासून पोहत जातो. इंजिन पुन्हा सुरू होताच सगळे धाडकन खाली आदळतात. यान पृथ्वीपासून किती दूर आहे याचा इथे संबंधच नाही, संबंध आहे इंजिन चालू की बंद याचा. एवढ्या दोन-तीन पानांत जे सांगितले आहे ते सांगायला आमच्या पाठ्यपुस्तकाला एक प्रकरण लागत होते आणि तरीही ते नीट सांगितले जात नव्हते. वर्गात याची जोड द्यायची तर प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडावे, पाणी भरावे, धार लागली की बाटली उंचावरून सोडावी. पडत असताना धार थांबते. मग चित्रातल्या व्हिस्कीचे पान दाखवावे. पेय वर्गात चालणारे नाही, पण पृष्ठताण त्यात उत्तम दिसतो.

सतत त्वरण ठेवणाऱ्या यानाचे गणितही करण्यासारखे आहे. निम्मे अंतर वेग वाढवत जायचे, मग यान उलटे फिरवून उरलेले निम्मे वेग कमी करत जायचे. कथेत यान असे फिरवण्याचा प्रसंग आहे. चंद्राचे अंतर ३,८४,४०० किलोमीटर धरा आणि त्वरण पृथ्वीवरच्या गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. नववीच्या समीकरणाने निम्म्या अंतराला सुमारे १ तास ४४ मिनिटे लागतात. एकूण साडेतीन तास! मुंबईहून निघालेली गाडी एवढ्या वेळात फार तर पुण्याला पोचते. अपोलो ११ ला चंद्राच्या कक्षेत शिरायला तीन दिवस लागले. आपले चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ ला निघून २३ ऑगस्टला उतरले, म्हणजे ४० दिवसांनी. हा फरक का पडतो, हे मुलांना शोधू द्यावे. मध्यावर एर्जेंच्या यानाचा वेग सेकंदाला ६१ किलोमीटर होतो आणि तेवढाच पुन्हा मारावा लागतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा आज कोणत्याही इंजिनाच्या आवाक्यात नाही. म्हणून खरी याने थोडा वेळ इंजिन चालवतात आणि उरलेला बहुतेक प्रवास इंधन न जाळता, नुसत्या वेगावर करतात.

चित्रकाराने सोयीसाठी अणुशक्तीला काठी करून घेतली आहे, हे उघड आहे. पण तिथेही एक तपशील पाहा. उड्डाण आणि उतरणे यांसाठी वेगळे, रासायनिक इंधनाचे इंजिन आहे. किरणोत्सर्गी झोत जमिनीवर पडू नये म्हणून अणुइंजिन वर गेल्यावर सुरू होते. हा विचार १९५० साली एका विनोदी चित्रकथेत केला गेला होता. त्यामागे अभ्यास होता. अलेक्झांद्र अनानॉफ यांचा अंतराळविज्ञानावरचा ग्रंथ एर्जेंनी वापरला, त्यांचा सल्ला घेतला आणि यानाची सुटी होणारी प्रतिकृती करवून घेतली. कोणत्या मजल्यावर कोणती शिडी आहे हे चित्रागणिक बदलू नये, म्हणून ही खटपट.

चुकाही आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. हॅडॉक दारूच्या नशेत यानाबाहेर पडतो आणि अ‍ॅडोनिस या लघुग्रहाभोवती उपग्रहासारखा फिरू लागतो, हा प्रसंग सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत अशक्य. अ‍ॅडोनिस काल्पनिक नाही. ब्रुसेल्सजवळच्या युक्ल येथील वेधशाळेतून डेलपोर्ट यांनी तो १९३६ साली शोधला, म्हणजे एर्जेंच्या गावचाच म्हणायचा. पुढे तो हरवला आणि १९७७ मध्ये पुन्हा सापडला. चित्रे काढली जात होती तेव्हा तो कुठे आहे हे कोणत्याच खगोलशास्त्रज्ञाला सांगता आले नसते, फक्त चित्रकाराला माहीत होते! त्याचा व्यास अर्धा-एक किलोमीटरच्या आसपास आहे. घनता पाण्याच्या अडीचपट धरली आणि त्रिज्या ३०० मीटर, तर त्याच्या पृष्ठभागालगत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग सेकंदाला २५ सेंटिमीटर भरतो. रांगणारे मूल याहून जोरात जाते. एका फेरीला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागेल. (हा काळ लघुग्रहाच्या आकारावर अवलंबून नसतो, फक्त घनतेवर असतो. का ते वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी सिद्ध करावे.) सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने शेजारून जाणाऱ्या हॅडॉकला इतकी क्षीण ओढ पकडू शकणार नाही. पण हे गणित करायला मला हात शिवशिवले ते या चुकीमुळेच. बरोबर असलेल्या पानाने ते केले नसते. जाता जाता सांगायचे, तर याच वेधशाळेतून १९५३ मध्ये सापडलेल्या १६५२ क्रमांकाच्या लघुग्रहाला पुढे एर्जेंचेच नाव मिळाले.

चंद्रावरचे डोंगर त्यांनी सुळकेदार काढले आहेत. त्या काळी सगळेच तसे काढत. वारा-पाऊस नाही म्हणजे झीज नाही, हा तर्क त्यामागे होता. बारीक अशनींचा मारा अब्जावधी वर्षे चालला की डोंगर गोलसर होतात, हे नंतर दिसले. एका गुहेत टिनटिनला बर्फ सापडतो. २००८ च्या चांद्रयान-१ वरील उपकरणाच्या नोंदींतून चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा अनेकांना हे पान आठवले असेल. म्हणून एर्जे द्रष्टे ठरत नाहीत. त्यांचे यान हिपार्कस विवरात उतरते आणि ते चंद्राच्या विषुववृत्तापाशी आहे. तिथे भर दुपारी तापमान १२० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. बर्फ टिकण्यासारख्या जागा आहेत त्या ध्रुवांजवळच्या कायम अंधाऱ्या विवरांत. शिवाय गुहेतले खाली लोंबणारे आणि वर वाढणारे खांब पाणी थेंबाथेंबाने ठिबकल्याशिवाय तयार होत नाहीत, आणि निर्वातात पाणी ठिबकत नाही, उकळते किंवा गोठते.

येथवर मी विज्ञानशिक्षकाच्या लाल शाईने वाचले. आता दुसऱ्या बाजूने वाचू.

पहिल्या पुस्तकात जवळजवळ काहीच घडत नाही. बासष्ट पानांच्या पुस्तकात यान उडते ते अगदी शेवटी. तोवर तपासणी नाके, ओळखपत्रे, अंतराळपोशाखाच्या चाचण्या, आणि युरेनियमपासून प्लुटोनियम कसे करतात याचे सविस्तर व्याख्यान. आधी एक मानवरहित यान चंद्राच्या मागच्या बाजूची छायाचित्रे घ्यायला पाठवतात. परतीच्या वाटेवर शत्रू रेडिओलहरींनी त्याचा ताबा घेतो आणि ते नाइलाजाने उडवून द्यावे लागते. (चंद्राची मागची बाजू खरोखर पाहिली ती १९५९ मध्ये सोव्हिएत लुना-३ ने.) अनेक महिन्यांची मेहनत जाते आणि माणसे पुन्हा कामाला लागतात. हे मी दहाव्या वर्षी वाचले असते तर कंटाळून पुस्तक ठेवून दिले असते. बाविसाव्या वर्षी, प्रयोगशाळेत व्हॅक्यूम पंपाची गळती शोधण्यात दोन आठवडे घालवल्यावर वाचले, तेव्हा वाटले की संशोधन म्हणजे काय हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे दुसरे पुस्तक मुलांसाठी नाही. मुलांना ते कंटाळवाणे वाटते ही खरी तक्रार आहे आणि ती मी नाकारत नाही.

या ठिकाणी आपल्याकडच्या शैक्षणिक चित्रकथांशी तुलना मनात येतेच. 'टिंकल'मध्ये 'अणु क्लब' नावाची मालिका येत असे. त्यात मुले आणि एक हुशार काका मिळून विज्ञान समजावून घेत. ती नेटकी होती, चुका फारशा नसत आणि मला ती आवडे. पण तिच्यातला एकही प्रसंग आज मला सांगता येत नाही. तिथे उत्तर चुकले तर कोणाचे काही बिघडत नव्हते. एर्जेंच्या यानात नियम मोडला की श्वास बंद होतो. असेच कार्ल बार्क्स यांच्या बदकांचे. १९४९ च्या त्यांच्या एका कथेत डोनाल्ड आणि त्याचे भाचे बुडालेली नौका पिंगपाँगचे चेंडू भरून वर काढतात. चाळीस मिलिमीटरच्या एका चेंडूने सुमारे ३१ ग्रॅम वजन उचलले जाते, म्हणजे एका टनाला बत्तीस हजार चेंडू लागतात. आर्किमिडीजचे तत्त्व तिथे कोणी शिकवत नाही. नौका वर यायला हवी म्हणून ते वापरले जाते, आणि म्हणून लक्षात राहते. १९६४ साली कुवेतच्या बंदरात बुडालेले एक जहाज कार्ल क्रॉयर या डॅनिश संशोधकाने प्लॅस्टिकचे गोळे आत सोडून खरेच वर काढले. त्याला ही युक्ती बदकांवरून सुचली की कसे, यावर लोक आवडीने वाद घालतात.

आता वुल्फकडे येते. हा लेख मी लिहायला घेतला तो त्याच्यासाठी.

वुल्फ हुशार आहे, कष्टाळू आहे, त्याला जुगाराचे कर्ज आहे. कर्जामुळे तो शत्रूच्या हाती सापडतो, आणि जॉर्गनला यानात लपवण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. दहाव्या वर्षी मला तो निव्वळ दुष्ट वाटला. पण त्या पानांवरचा त्याचा घाम फुटलेला चेहरा मला बुचकळ्यात टाकी, कारण चित्रकथेतले दुष्ट घाबरलेले नसतात. एर्जेंची रेषा सगळीकडे सारख्या जाडीची. छाया नाही, गडद काळे कोपरे नाहीत. यानाचा बोल्ट आणि माणसाचा चेहरा एकाच रेषेने काढलेला. त्यामुळे वुल्फला अंधारात उभे करून 'हा पाहा खलनायक' असे सांगण्याची सोय चित्रकाराला नाही. तोही इतरांसारखाच लख्ख उजेडात उभा असतो.

प्राणवायूचा हिशेब तिथे खरा बोचतो. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलोग्रॅम प्राणवायू लागतो. चौघांचा साठा सहा जणांत वाटला तर तो दोन तृतीयांश दिवस पुरेल. प्रोफेसरांना चंद्रावरचा मुक्काम कमी करावा लागतो तो याच हिशेबाने. पण खरा भागाकार सहाने नव्हे, सातने करायला हवा, कारण सातवा माणूस उड्डाणापासून खालच्या मजल्यावर श्वास घेत आहे. हे यानात फक्त एका माणसाला ठाऊक आहे. तो शेजारी उभा राहून चुकीचे गणित ऐकतो आणि गप्प बसतो.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आले की तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची जोडणी मी सुरुवातीपासून चुकीची केली होती. दोन महिन्यांची मोजमापे सरसकट काही अंशांनी सरकलेली होती. त्यावर आधारलेला आलेख माझ्या मार्गदर्शकांनी एका परिसंवादात दाखवण्यासाठी घेतला होता आणि त्यावरून ते पुढचे आडाखे बांधत होते. मी अकरा दिवस गप्प राहिले. रोज त्यांच्या टेबलाशी उभी राहून त्यांचे हिशेब ऐकत होते. कर्ज नव्हते, हेर नव्हते, कोणाचा जीव जाणार नव्हता. नुसती भीती होती. बाराव्या दिवशी सांगितले. ते थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "पुन्हा घ्या." त्या रात्री वसतिगृहात मी 'एक्सप्लोरर्स' काढून वुल्फची पाने पुन्हा वाचली. तो दुष्ट नाही, हे मला तेव्हा कळले. त्याने वेळेवर तोंड उघडले नाही, एवढेच.

जॉर्गन बाकीच्यांना चंद्रावर सोडून यान पळवायचा प्रयत्न करतो आणि फसतो. आता दोन कैदी आणि अपुरा प्राणवायू. हॅडॉक म्हणतो, यांना इथेच सोडा. टिनटिन नकार देतो. १९५४ साली अमेरिकेत टॉम गॉडविन यांची 'द कोल्ड इक्वेशन्स' ही विज्ञानकथा आली. तिच्यात छोट्या यानात लपून आलेल्या मुलीला, इंधनाचा हिशेब जुळत नाही म्हणून, बाहेर सोडून द्यावे लागते. निसर्गनियमांपुढे दया चालत नाही, असे ती कथा सांगते, आणि अनेकांना ती कठोर सत्य वाटते. मला ती नेहमी लबाड वाटली आहे. एका माणसाच्या वजनाचीही सवड न ठेवणारे यान निसर्गाने बांधलेले नसते. एर्जेंच्या यानातही दोन हेर आत राहिले ते कोणी मोजणी केली नाही म्हणून. पण इथे समीकरण पुढे करून कोणी कोणाला बाहेर ढकलत नाही. अपुऱ्या हवेत सात जण श्वास घेत परत निघतात. पुढे जॉर्गन निसटतो, सगळ्यांना मारायला निघतो, आणि त्याला अडवणाऱ्या वुल्फशी झालेल्या झटापटीत पिस्तुलाची गोळी लागून मरतो. मग सगळे झोपलेले असताना वुल्फ एक चिठ्ठी ठेवून यानाबाहेर निघून जातो.

या शेवटाशी माझे भांडण आहे. धर्मनिष्ठ वाचकांना आत्महत्या खटकेल म्हणून चिठ्ठीत, एखाद्या चमत्काराने आपण वाचूही, अशा अर्थाचे वाक्य घातले गेले. एर्जेंना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला असे सांगतात. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल नाही. चूक करणाऱ्याला फेडीची एकच वाट दिली आहे, ही माझी तक्रार आहे. वुल्फ जगला असता, परत येऊन चौकशीला सामोरा गेला असता, प्रोफेसरांनी त्याच्याकडून काम पुन्हा करून घेतले असते, तर ती चित्रकथा रंगली नसती कदाचित. पण दहा वर्षांच्या वाचकाला ती वाट दिसायला हवी होती.

आणखी एक कमतरता अशी की एवढ्या मोठ्या संशोधन केंद्रात स्त्री शास्त्रज्ञ एकही नाही. मारी क्यूरींना दुसरे नोबेल मिळून तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. लहानपणी मला हे जाणवलेही नाही. मी बिनदिक्कत प्रोफेसर कॅल्क्युलस होत असे.

विज्ञानाच्या अंगानेही या प्रसंगात एक उणीव आहे. कथेचा भर प्राणवायू संपण्यावर आहे. बंद जागेत आधी अडचण येते ती उच्छ्वासातून साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या तिघांना दोघांसाठी बांधलेल्या चांद्रकुपीत आसरा घ्यावा लागला. प्राणवायू पुरेसा होता, पण कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे कमी पडू लागले. मुख्य यानातले डबे चौकोनी आणि कुपीतली खाच गोल. पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी वापरून ती जोडणी कशी केली, हे वर्गात सांगण्यासारखे आहे.

मागच्या जानेवारीत एका शाळेत नववीच्या वर्गाला मी हे गणित घातले. चौघांचा साठा चौदा दिवसांचा आहे असे धरा. पहिल्या दिवसापासून सात जण श्वास घेत असतील तर तो किती दिवस पुरेल? बहुतेकांनी आठ दिवस असे उत्तर लगेच काढले. मी फळा पुसायला वळले तेव्हा दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, कुत्रा धरला का?"

धरला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मग कुत्र्याचे वजन, माणसाचे वजन, लहान प्राणी वजनाच्या मानाने जास्त श्वास घेतो का, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. शेवटी वर्गाने स्नोईला माणसाच्या एकदशांश धरले आणि चारला ७.१ ने भागायला सुरुवात केली.